चिमणी, डबा आणि सत्तावीस नंबर

१

“साहेब, खोटं कोण बोलतंय? माझी आत्या की सत्तावीस नंबरचा कप्तान?”

हा प्रश्न मी विचारूच शकणार नाही, अशी पैज भोंगा आणि पट्टीने माझ्याशी लावली होती. (भोंगा आवाजामुळे, पट्टी उंचीमुळे. दोघी माझ्या जिवाभावाच्या, म्हणूनच इतक्या दुष्ट.) बंदरप्रमुख साहेब आमच्या शाळेत पाण्यातल्या सुरक्षिततेवर बोलायला आले होते. भाषण संपवून त्यांनी “काही शंका?” असं विचारलं आणि लगेच घड्याळाकडे पाहिलं, म्हणजे शंका नसाव्यात अशी त्यांची इच्छा होती. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाकाखाली जाऊन लपायचा. या वर्षी काय झालंय कोण जाणे, तोंड उघडलं की तो थेट शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

आमच्या मुख्याध्यापकांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला.

“तू चिमणी ना? तिची भाची?” साहेब म्हणाले. “चौकशी शुक्रवारी सकाळी दहाला आहे. बोलायला काय, सगळेच बोलतात. पुरावा असेल तर घेऊन ये.”

पोरं हसली. साहेबही हसले.

“येते,” मी म्हणाले. “दहा म्हणजे बरोबर दहा ना?”

साहेबांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

प्रकरण असं होतं. सोमवारी सकाळी सात चाळीसला, बोटाला बोट दिसणार नाही अशा धुक्यात, प्रवासी बोट नंबर सत्तावीस बंदराच्या तोंडाशी थांबली होती. आत येण्याच्या अरुंद वाटेवर गाळ काढणारी मोठी बोट उभी होती. कप्तानाने वायरलेसवर विचारलं, “सत्तावीस, आत येऊ का?” एका बाईच्या आवाजात उत्तर आलं, “या.” सत्तावीस आत आली आणि गाळाच्या बोटीवर धडकली. पुढची बाजू चेपली, एका खलाशाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. प्रवासी वाचले, हे नशीब.

आमच्या बंदराच्या वायरलेसवर बाईचा आवाज एकच आहे. गेली एकोणीस वर्षं. माझ्या आत्याचा.

आत्या म्हणते, मी बोललेच नाही. टेबलावरच्या माईकमध्ये जे बोललं जातं ते यंत्रात आपोआप साठतं, आणि सात चाळीसला यंत्रात काहीच नाही. पण हातात धरायचा छोटा सेटही असतो, त्यावरचं बोलणं साठत नाही. साहेबांच्या मते आत्या त्यावरून बोलली आणि आता हात झटकतेय. हे सिद्ध झालं तर नोकरी जाणार, परवाना जाणार, आणि माणूस जखमी झालाय म्हणून कोर्टही मागे लागणार.

आणि आमची आत्या, जी भाजी निवडतानासुद्धा कढईशी बोलते, ती तीन दिवस गप्प होती. फोन वाजला तरी उचलत नव्हती. “वन्सं, निदान हो-नाही तरी म्हणा,” आई म्हणायची. आत्या नुसती मान हलवायची.

माझ्या हातात बुधवारची दुपार आणि गुरुवार होता.

२

कप्तानकाका दुरुस्तीच्या आवारात चेपलेल्या बोटीसमोर स्टुलावर बसले होते. जवळच्या माणसाला दवाखान्यात भेटायला आल्यासारखे. कपाळाला पट्टी.

“तू कशाला आलीस? आत्याने पाठवलं?”

“आत्या हल्ली कुणाला कुठेच पाठवत नाही. काका, तुम्हाला नक्की काय ऐकू आलं? सारांश नको. शब्द सांगा.”

त्यांनी डोळे मिटले. “खरखर खूप होती. पण आवाज बाईचाच. ‘सत्तावीस, मार्ग मोकळा, आत या.’”

“मार्ग मोकळा? की वाट मोकळी?”

“मार्ग मोकळा. का गं?”

“आत्या कायम ‘वाट मोकळी’ म्हणते. घरात न्हाणीघर रिकामं झालं तरी ओरडते, ‘वाट मोकळी!’”

“माणूस कधीतरी वेगळं बोलतो, बाळा.” काकांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. “मला वाईट वाटतं म्हणून मी हे सगळ्यांना सांगत सुटलो नाही. पण चौकशीत लिहून दिलंय. ती पुढे तुझ्याबद्दल बोलत होती.”

“माझ्याबद्दल?”

“खरखरीत तुटक ऐकू आलं. ‘चिमणी… डबा… ठेवून…’ असं. कुणाशी तरी गप्पा मारत होती. ‘चिमणी डबा ठेवून गेली.’ लक्ष तुझ्या डब्यात, आणि आम्ही धुक्यात.”

मी आठवड्यातून दोनदा डबा विसरते हे बंदरातल्या बगळ्यांनाही माहीत आहे. आत्या प्रत्येक वेळी कुणाला तरी पिटाळते, “चिमणी डबा ठेवून गेली, तेवढा पोचवा.” आत्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा मीच होते!

३

फाटकापर्यंत मी रडवेली चालत गेले. तिथे थांबले. मग उड्या मारत परत आले.

“काका! सात चाळीस म्हणालात ना? सोमवारी सात चाळीसला मी अंथरुणात होते! मी घरातून साडेआठला निघते. घोरणारी मुलगी डबा ठेवून जाईल कुठे?”

काकांनी बोटांवर वेळ मोजून पाहिली. पण ते म्हणाले, “मग बोललं कोण?”

बाहेर थांबलेल्या भोंगा आणि पट्टीकडे उत्तर तयार होतं. “मफलर!”

मफलर म्हणजे आत्याच्या हाताखालचा धाकटा ऑपरेटर. मे महिन्यातही गळ्यात मफलर. आत्या गेली तर तिची खुर्ची त्याची. आणि मुख्य म्हणजे बंदराच्या स्नेहसंमेलनात तो दर वर्षी नकला करतो. आत्याची नक्कल तर अशी, की एकदा खुद्द बाबा फसले होते.

त्याला मी बंदराच्या पायऱ्यांवर गाठलं.

“मफलरदादा, सोमवारी सात चाळीसला कुठे होतास?”

“अगं, तुझ्याच बाबांच्या खुर्चीत! अर्धी दाढी झालेली. हा गाल गुळगुळीत आणि हा गाल जंगल.”

बाबांचं केस कापायचं दुकान आहे. मी धावत तिथे पोचले. बाबा एका आजोबांच्या कानामागे कात्री चालवत होते.

“होता की,” बाबा म्हणाले. “साडेसात ते आठ. उशीर त्याच्यामुळेच झाला. रेडिओ बिघडला म्हणून हा उठून रेडिओला चापट्या मारायला लागला, तोंडाला फेस तसाच.”

“बिघडला म्हणजे?”

“रोजच्या गाण्यांच्या मधोमध दुसरंच स्टेशन घुसलं. कुठल्या तरी गाद्यांच्या दुकानाची जाहिरात. ‘दोन पुलांच्या मधोमध.’ आपल्या गावात एक पूल नाही धड, दोन कुठून येणार? नऊ वाजता रेडिओ आपोआप सुधारला.”

म्हणजे मफलर सुटला. माझ्याकडे एकही संशयित उरला नाही, आत्या सोडून.

४

आत्या घराच्या गच्चीच्या पायरीवर मांडीवर वही घेऊन बसली होती. वायरलेसची खोली टेकडीच्या माथ्यावर आहे, अडीचशे मीटर उंच. रोज सकाळी आठला आत्या तिथलं तापमान वहीत लिहिते, आणि खाली धक्क्यावरचा रखवालदार तिला तिथलं कळवतो.

“आत्या, सोमवारची सकाळ सांग. पहिल्यापासून.”

तिने वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, “खाली सगळा कापूस होता. नुसतं पांढरं. बोटी नाहीत, समुद्र नाही. आणि वर लख्ख ऊन. स्वेटर काढून ठेवला मी. पाठ भाजत होती उन्हाने.”

मी तिच्या वहीत पाहिलं. सोमवार: वर सव्वीस, खाली अठरा. मंगळवार: वर एकवीस, खाली तेवीस. बुधवार: तसंच. सोमवार सोडला तर रोज टेकडी धक्क्यापेक्षा थंड.

हे विचित्र होतं. पण माझ्या डोक्यात त्याआधी दुसरंच काहीतरी टोचलं. वायरलेसच्या खोलीला एकच खिडकी आहे, समुद्राकडे. समुद्र पश्चिमेला. सकाळी पावणेआठला सूर्य पश्चिमेच्या खिडकीतून पाठ भाजत नाही.

“आत्या,” मी हळूच म्हणाले, “तू खोलीत नव्हतीस.”

तिने वही मिटली. तिची बोटं पुठ्ठ्यावरून फिरत राहिली.

“केस धुतले होते,” ती म्हणाली. “खोलीमागच्या गच्चीत वाळवायला गेले. सात मिनिटं. हातातला सेट टेबलावरच राहिला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, चिमणे. त्याने विचारलं असेल तर मला ऐकू आलं नाही. आणि हे मी कुणाला सांगितलं नाही.”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तिच्या गळ्यातही पडायचं होतं. दोन्ही एकदम करता येत नाही.

“मग तर तू बोलली नाहीस हे नक्कीच खरं,” मी म्हणाले.

“ते खरंच आहे. पण आता कोण विश्वास ठेवणार?”

५

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी विज्ञानाच्या बाईंना गाठलं आणि वहीतले आकडे दाखवले. बाईंनी चष्मा वर सरकवला. त्यांना आवडलेलं काही दिसलं की त्या चष्मा वर सरकवतात.

“वायरलेसच्या लहरी कशा जातात, सांग बरं.”

“सरळ. आणि पृथ्वी गोल आहे म्हणून थोड्या अंतरावर निसटतात, वर आकाशात.”

“हवा नेहमीसारखी असेल तर. पण खाली गार दमट हवा आणि वर अचानक गरम कोरडी हवा आली, तर लहरी वर निसटत नाहीत. वाकून परत खाली येतात. पाण्यावर आपटतात, पुन्हा वर, पुन्हा खाली. पन्हळीतून पाणी जावं तशा शेकडो किलोमीटर जातात. सकाळी वारा पडलेला असताना समुद्रावर होतं असं. ऊन चढलं की पन्हळ मोडते.”

“नऊ वाजता?” मी ओरडले. “रेडिओ आपोआप सुधारतो तशी?”

“शिक्षकांच्या खोलीत ओरडू नये,” बाई म्हणाल्या. पण त्यांचा चष्मा कपाळावर पोचला होता.

माझ्या डोक्यात सगळं एकामागून एक खटाखट बसायला लागलं. गाद्यांची जाहिरात लांबून आली, तर कप्तानकाकांनी ऐकलेला आवाजही लांबून आला असेल! बंदरांमधल्या बोटींचं बोलणं सगळीकडे त्याच एका चॅनेलवर चालतं. काकांची बोट खाली पन्हळीत होती. आत्याची खोली पन्हळीच्या वर, उन्हात. म्हणून तो लांबचा आवाज तिच्या खोलीत कुणालाच ऐकू आला नसता, खुर्चीत कुणी असो वा नसो.

पण कुठलं बंदर?

मी मफलरकडे धावले. “ती गाद्यांची जाहिरात आठवते?”

“आठवते?” मफलरने गळा साफ केला आणि पूर्ण जाहिरात करून दाखवली. बासरीसकट. शेवटी गोड आवाजात फोन नंबरही. मी त्या क्षणी त्याला सगळ्या संशयांची माफी दिली.

मी नंबर लावला.

“काका, तुमच्या गावात बंदर आहे का?”

“आहे की.”

“आणि तिथे…” मी थांबले. कारण त्याच क्षणी मला तो शब्द पुन्हा ऐकू आला. चिमणी. अरे देवा, चिमणी! “तिथे एखादी चिमणी आहे का? धुराची?”

“सिमेंट कारखान्याची. अख्ख्या गावात दिसते. गादी कोणत्या मापाची हवी?”

पाच मिनिटांनी त्या बंदराच्या वायरलेसच्या खोलीत फोन वाजला. साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला. उचलणारा आवाज बाईचा होता.

मी सगळं सांगितलं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“सोमवार, सात चाळीस,” त्या बाई सावकाश वाचायला लागल्या. “‘सत्तावीसने विचारलं. उत्तर दिलं: मार्ग मोकळा, आत या, चिमणी डावीकडे ठेवून या.’ अगं, पण आमची सत्तावीस आली नऊ वाजता. त्यांना मी झापलं, की परवानगी घेऊन एवढा वेळ कुठे होतात? ते म्हणाले, आम्ही विचारलंच नाही. चार दिवस मी त्यांना खोटारडे म्हणतेय!”

डबा नव्हे, डावीकडे.

“तुमची एरियल कुठे आहे, मावशी?”

“धक्क्यावर. पाण्याला लागून. का?”

“काही नाही,” मी म्हणाले, आणि बंदराच्या कार्यालयाबाहेर एकटीच नाचले.

६

शुक्रवारी दहाला मी काचेची पेटी घेऊन चौकशीच्या खोलीत शिरले. बाबांच्या दुकानातली माशांची पेटी, मासे नसलेली. आदल्या संध्याकाळी बाईंच्या देखरेखीखाली तिच्यात तळाला साखरेचं दाट पाणी सोडलं होतं आणि वर अलगद साधं पाणी. रात्रभर कुणीही हलवायचं नाही, असा फतवा होता. आणताना भोंगा पुढे “बाजूला व्हा” ओरडत होती आणि पट्टी पेटी धरून पावलं मोजत चालत होती.

“ही शाळा नाही,” साहेब म्हणाले.

“तुम्हीच पुरावा आणायला सांगितलात, साहेब.”

मी वर्गात फळ्यावर दाखवायची लाल किरणाची लेझरकांडी काढली आणि किरण पेटीत तिरका वर सोडला. तो वर गेला, वाकला, आणि डौलदार कमान करून पुन्हा तळाला आला. तळावर आपटून पुन्हा वर. कुणीतरी “अरेच्चा” म्हणालं. मला वाटतं साहेबच.

“खाली गार हवा, वर गरम. ही आत्याची वही, आणि तापमान तुमच्या रखवालदाराने कळवलेलं आहे. काकांचा प्रश्न असा उड्या मारत दक्षिणेच्या बंदरात गेला. तिथल्या बाईंना वाटलं त्यांचीच सत्तावीस विचारतेय. उत्तर त्याच वाटेने परत आलं. हा त्यांच्या वहीच्या पानाचा फोटो, सहीसकट.”

साहेबांनी फोटो वाचला. मग कप्तानकाकांकडे सरकवला. काका ओठ हलवत वाचत गेले आणि ‘डावीकडे’पाशी थांबले.

“आमच्या बंदरात चिमणीच नाही,” ते पुटपुटले. “मला वाटलं… मला ही पोरगीच आठवली.”

“पण दोघांनाही शंका कशी आली नाही?” साहेबांनी विचारलं.

“कारण सगळे नुसते आकडे बोलतात,” मी म्हणाले. “ना बोटीचं नाव, ना बंदराचं. आपापल्या बंदरात सगळे ओळखीचे, मग नाव कशाला घ्यायचं? दोन्हीकडे सत्तावीस होती. दोघांनीही जे घरचं वाटलं तेच ऐकलं.”

माझं संपलं होतं. गच्चीची सात मिनिटं मी बोलले नव्हते. सकाळी आत्याने एवढंच म्हटलं होतं, “तू तुझं सांग. माझं मी सांगेन.” मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ‘नको’ असं माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं तिला दिसलं असतं.

खुर्ची सरकली. आत्या उभी राहिली.

“ते उत्तर मी दिलं नाही,” ती म्हणाली. तोच आवाज, स्वच्छ, वायरलेसवरचा. “पण सात मिनिटं मी टेबलावर नव्हते. गच्चीत होते. मी जागेवर असते तर ‘थांबा’ म्हणाले असते, आणि त्या मुलाचं हाड मोडलं नसतं. हे मी सोमवारीच सांगायला हवं होतं.”

मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता. नाक त्यात मध्येच गळत होतं.

साहेबांनी निर्णय तासाभराने दिला. खोट्या परवानगीचा आरोप रद्द. जागा सोडल्याबद्दल दोन महिने माईकवर बसायचं नाही, नोकरी आणि परवाना कायम. कप्तानाने दुसऱ्यांदा खात्री केली नाही, म्हणून त्यालाही ताकीद. आणि आजपासून प्रत्येक वेळी बंदराचं आणि बोटीचं पूर्ण नाव.

“एक अडचण उरते,” फाईल बांधताना साहेब म्हणाले. “असली सकाळ पुन्हा कधी उगवेल हे आम्हाला कळणार कसं? वर टेकडीवर तर लांबचं काही ऐकूच येत नाही. खाली बसून रोज पहाटे कान लावणारं माणूस माझ्याकडे नाही.”

मफलरने छताकडे पाहिलं. कप्तानकाकांनी बुटांकडे.

७

घरी जेवताना आत्या बोलायला लागली आणि थांबेचना. आधी मिठाबद्दल, मग साहेबांच्या मिशीबद्दल, मग दवाखान्यात त्या खलाशाला भेटायला जायचंय त्याबद्दल. आई तिच्या ताटात वाढतच राहिली. “वन्सं, घास तरी घ्या मध्ये.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“आई, बाबा, मला काही सांगायचंय.”

“नापास?” आईने विचारलं.

“नाही! मी हौशी वायरलेसच्या परवान्याची परीक्षा देणार आहे. वय बसतं, बाईंनी पाहिलंय. रोज पहाटे साडेपाच ते सात मी लांबची स्टेशनं ऐकणार. आपलं घर धक्क्यापासून दोन गल्ल्या, अगदी खाली, पन्हळीच्या पोटात. एखादी परकी जाहिरात किंवा परकं बंदर ऐकू आलं, की लगेच वर कळवणार, आज आकाश वाकलंय, सगळ्यांनी जपून. साहेबांशी बोलून झालंय.”

“साडेपाच?” बाबा म्हणाले. “तुला आठला उठवायला तिघं लागतात.”

“लागायची.”

“आणि अभ्यास? दहावी आहे तुझी,” आई म्हणाली.

“सातनंतर पूर्ण दिवस उरतोच की, आई. आजवर मी तो झोपेत घालवत होते.”

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने आईकडे. आईने माझ्याकडे.

“हे तू विचारतेयस की सांगतेयस?” बाबांनी विचारलं.

“सांगतेय,” मी म्हणाले. “परीक्षा पुढच्या महिन्यात सतरा तारखेला आहे, फॉर्म भरलाय, सही तेवढी हवीय. आणि अँटेना परवा रविवारी छपरावर चढवायचीय. चढणार मी. शिडी तुम्ही दोघांनी धरायची.”